कब्रस्तानच्या भिंतीला लागून

न्यूयॉर्क राज्यात २०१६ साली एक कायदा झाला. नफ्यासाठी न चालणाऱ्या दफनभूमीत, मालकाच्या कबरीत, त्याच्या पाळलेल्या जनावराची राख ठेवायला या कायद्याने परवानगी दिली. अटी होत्या. जनावर जसंच्या तसं पुरायचं नाही, राखच हवी. दफनभूमी चालवणाऱ्यांची लेखी संमती हवी. त्यातून येणारा पैसा दफनभूमीच्या कायमच्या देखभालीच्या निधीत जायला हवा. आणि ज्या दफनभूमी एखाद्या धर्मसंस्थेच्या मालकीच्या आहेत, त्यांना हा कायदा लागू नाही.

आमच्याकडे ही बातमी पोचली ती व्हॉट्सअपवरच्या एका क्लिपमधून, बऱ्याच उशिरा. मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, ‘कयामत की निशानी’. दुसऱ्याने विचारलं, इथे माणसाला दोन गज जमीन मिळेना आणि तिकडे कुत्र्यांची सोय? हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्याच्याकडे मी येणार आहे. पण मेल्यावर आपलं जनावर आपल्या शेजारी असावं असं वाटणं हे अमेरिकेतल्या पैसेवाल्यांचं नवं खूळ आहे, असं जे सगळ्यांनी गृहीत धरलं, ते काही खरं नाही.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल म्हणून गाव आहे. तिथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक पुरुष आणि एक बाई यांचे सांगाडे सापडले, आणि त्यांच्याबरोबर काही जनावरांची हाडं. ती हाडं कुत्र्याची आहेत हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. हे दफन सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं आहे. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले. ते सात महिन्यांच्या आसपासचं पिल्लू होतं, आणि मरण्याआधी काही आठवडे त्याला डिस्टेंपरसारखा आजार होऊन गेला होता. त्या आजारात जनावराला उलट्या, जुलाब, ताप होतो, ते स्वतः खाऊपिऊ शकत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, साफ केलं असणार, ऊब दिली असणार. शिकारीच्या किंवा राखणीच्या कामाचं तर ते नव्हतंच. तरी त्याच्यावर इतके कष्ट घेतले, आणि मग ते माणसांच्या सोबत मातीत गेलं.

इस्रायलच्या उत्तरेला ऐन मल्लाहा इथे सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीची एक कबर आहे. तिच्यातल्या माणसाचा हात एका पिल्लाच्या अंगावर ठेवलेला आहे. इतक्या लांब जायचं नसेल तर श्रीनगरजवळ बुर्झहोम आहे. तिथल्या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांबरोबर पुरलेली कुत्री सापडली आहेत. आमच्या नववीच्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं ते काश्मीरचं नाव ऐकून.

तेव्हा इच्छा फार जुनी आहे. मनाई करणारे नियम त्यामानाने कालचे. आणि ते सगळ्यांना सारखे कधीच लागू झाले नाहीत. ज्याची स्वतःची जमीन होती, त्याला हा प्रश्न पडलाच नाही.

जहांगीर बादशहाचंच घ्या. त्याचा एक लाडका हरीण होता, मन्सराज नावाचा. दुसऱ्या हरणांशी झुंजण्यात आणि रानातले हरीण पकडून देण्यात तो पटाईत होता. तो मेला तेव्हा बादशहाने त्याची कबर बांधली, कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला, आणि त्या मैदानात कुणी हरणाची शिकार करू नये असं फर्मान काढलं. इथल्या हरणाचं मांस हिंदूंना गाईसारखं आणि मुसलमानांना डुकरासारखं समजावं, असं त्यात म्हटलं होतं. हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. लाहोरजवळ शेखूपुऱ्याला आज जो हिरण मिनार दिसतो, तो या हरणाच्या आठवणीतला. शेखू हे जहांगीरचं लहानपणचं लाडाचं नाव. बादशहा स्वतः मात्र तिथे नाही, शाहदऱ्याला आहे. कुणा काझीने त्या कबरीवर हरकत घेतली असेल असं मला वाटत नाही. घेणार कोण?

प्रशियाचा राजा फ्रेडरिक, ज्याला महान म्हणतात, त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं की मला पॉट्सडॅमच्या माझ्या बागेत, माझ्या कुत्र्यांच्या शेजारी, थाटमाट न करता पुरा. कबरही आधीच तयार करून ठेवली होती. १७८६ साली तो गेला, आणि गादीवर आलेल्या पुतण्याने त्याला चर्चमध्ये बापाशेजारी पुरलं. बापाशी त्याचं आयुष्यभर हाडवैर होतं. मग दुसऱ्या महायुद्धात ती शवपेटी मिठाच्या खाणीत लपवली गेली, तिथून आणखी दोन ठिकाणी फिरली, आणि शेवटी १९९१ साली, म्हणजे २०५ वर्षांनी, त्याला त्याच्या कुत्र्यांशेजारची जागा मिळाली. राजाचीही इच्छा इतकी लांबू शकते. पण बाग त्याची होती, कबर तयार होती, म्हणून ती पुरी तरी झाली.

आपल्याकडे शेतकरी म्हातारा बैल गेला की शेताच्या बांधाला खड्डा घेतो, हळदकुंकू वाहतो, पुरतो. काही जण दहावा-तेरावाही घालतात, त्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. पुढे तो शेतकरी गेला की कितीतरी घरांत त्यालाही त्याच शेतात अग्नी देतात. लिंगायत घरात तर तिथेच समाधी होते. बैल आणि मालक एकाच शेतात. त्यावर कायदा नाही, अर्ज नाही, कुणी क्लिप बनवत नाही. रायगडावर शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे. त्या गोष्टीला इतिहासाचा आधार आहे की नाही यावर मोठा वाद चालू आहे, आणि तो वाद मिटवायला मी इथे बसलेलो नाही. पण ती गोष्ट इतक्या लोकांना खरी का वाटते, हे मला समजतं.

अडचण येते ती बिगरजमिनीच्या माणसाची. त्याला मेल्यावर सगळ्यांच्या जागेत जायचं असतं, आणि सगळ्यांच्या जागेला नियम असतात.

आमचं तालुक्याचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. गावाबाहेर जुनं कब्रस्तान आहे, तिथे कबरी खोदणारे एक चाचा आहेत. वय सत्तरच्या पुढे असेल, त्यांना स्वतःला नक्की माहीत नाही. गेली चाळीसेक वर्षं या गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुसलमान घरातलं कुणी ना कुणी त्यांनी खोदलेल्या कबरीत गेलंय. आमच्याकडे वर हात-दीड हात काळी माती आणि खाली मुरूम. उन्हाळ्यात पहार मारली की ठिणगी उडते. रात्री दोन वाजता खबर आली तरी फजरच्या आत कबर तयार असते. मजुरी ठरलेली आहे, ती सांगायची मला लाज वाटते.

कब्रस्तानच्या फाटकाला लागून त्यांची पत्र्याची खोली आहे. तिथे त्यांचा एक कुत्रा असायचा, काळू. तो आणला नव्हता, आपला आपण आला होता. ताज्या कबरीची माती भुसभुशीत असते, रात्री गावातली कुत्री आणि डुकरं ती उकरायला येतात. म्हणून आपल्याकडे नव्या कबरीवर बाभळीच्या काट्या ठेवतात. काळू आल्यावर काट्यांची तितकी गरज उरली नाही. मय्यत आली की तो फाटकाबाहेर जाऊन बसायचा, शेवटचा माणूस निघाला की आत. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या चपला जिथे काढलेल्या असत, त्यांच्यापासूनही तो चार हात लांब बसायचा. नमाजी माणसाचे कपडे नापाक होतील ही भीती लोकांच्या डोळ्यांत दिसते, ती जनावरालाही दिसत असावी. असो.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत काळू मेला. चाचा शाळेत आले, वर्गाच्या दारात उभे राहिले. “मास्तर, एक अर्जी लिवून द्या. मराठीत लिवा, कमिटीवाल्यांना उर्दू वाचायला येत नाही.” गावातल्या अर्ध्या अर्जांचा लेखक मी आहे. रेशनकार्डापासून वारसनोंदीपर्यंत सगळं लिहून दिलंय, पण असा अर्ज कधी लिहिला नव्हता. त्यांचं मागणं दोन भागांचं होतं. फाटकाच्या आत, खोलीच्या मागे, भिंतीच्या कडेला जी रिकामी पट्टी आहे तिथे काळूला पुरू द्यावं. आणि आपली वेळ येईल तेव्हा आपली कबर त्याच बाजूला घ्यावी. मी त्यांना आधीच सांगितलं की पहिलं मागणं मान्य होणार नाही. ते म्हणाले, “नाही झालं तर नाही. पर उसे उकिरड्यापे नको फेको बोलो. तेवढं लिवा.”

अर्ज एका पानाचा होता. कमिटी त्याच संध्याकाळी बसली, कारण मेलेलं जनावर मीटिंगच्या तारखेची वाट बघत नाही. एक सभासद म्हणाले, आज कुत्रा, उद्या लोक बकरी घेऊन येतील. दोघे हसले. सदर हसले नाहीत. त्यांनी विचारलेला मुद्दा बरोबर होता: ही जमीन वक्फ आहे, ज्याने दिली त्याने मुसलमानांच्या दफनासाठी दिली, ती दुसऱ्या कामाला लावायचा अधिकार आम्हाला आहे का? नाही. वक्फ करणाऱ्याची अट पाळावी लागते. कब्रस्तानच्या जमिनीवर दुकानाचे गाळे काढणाऱ्यांवर आपण जो आक्षेप घेतो, तोच इथेही लागू होतो. आपली गोष्ट हळवी आहे म्हणून नियम वाकवायचा नाही. शिवाय जागा संपत आलीय. शहरांत तर जुन्या कबरी काही काळाने पुन्हा उघडून त्याच जागी नवी मय्यत ठेवतात. ग्रुपवर ज्याने दोन गज जमिनीचा प्रश्न विचारला, तो याच अर्थाने बरोबर होता. माणसांचा हक्क आधी.

तेव्हा नकार योग्य होता. तो हसून दिला गेला, एवढंच मला खटकलं.

आणि ते हसणं आपल्या दीनमधून येतं असं समजू नये. मी मौलानांना मीटिंगनंतर मस्जिदीच्या पायरीवर गाठलं. माणूस तरुण आहे, कमी बोलतो. कुत्रा मुसलमानांच्या कबरींमध्ये पुरता येणार नाही, त्याचा जनाजा नाही, कफन नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. पण मेलेलं जनावर मातीत पुरण्यात काही गैर नाही, उलट उघड्यावर टाकण्यापेक्षा ते चांगलं, असंही म्हणाले. मग त्यांनी मलाच विचारलं, “सर, माणसाला दफन करायला कुणी शिकवलं?”

उत्तर मला माहीत होतं, मदरशात लहानपणी पाठ केलं होतं. फक्त या बाजूने कधी विचार केला नव्हता. सूरह माइदामध्ये आदमच्या दोन मुलांची गोष्ट येते. एकाने दुसऱ्याचा खून केला. जगातलं पहिलं प्रेत समोर पडलंय आणि त्याचं काय करायचं हे मारणाऱ्याला कळत नाही. तेव्हा अल्लाह एक कावळा पाठवतो. कावळा जमीन उकरून दाखवतो. ते बघून माणसाला कळतं की भावाचं प्रेत मातीत झाकायचं असतं, आणि आपल्याला कावळ्याइतकीही अक्कल नव्हती म्हणून तो स्वतःला दोष देतो. म्हणजे दफनविधीचा पहिला उस्ताद एक पक्षी.

दुसरी गोष्ट सूरह कहफची, जी कित्येक घरांत दर जुम्म्याला वाचली जाते. जुलमी राज्यातून पळालेले काही तरुण गुहेत आसरा घेतात आणि अल्लाह त्यांना झोपवतो, ती झोप ३०९ वर्षांची. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा आहे. तो कुठे आहे हेही कुरआन सांगतं: गुहेच्या उंबऱ्यावर, पुढचे पाय पसरून. पुढे ते किती जण होते यावर लोक वाद घालतात, कुणी तीन म्हणतं, कुणी पाच, कुणी सात, आणि दर वेळी आकड्यात कुत्रा धरला जातो. तिघे आणि चौथा त्यांचा कुत्रा, असं. आपल्याकडे त्या कुत्र्याला कित्मीर हे नाव परंपरेने चालत आलंय.

मला यात उंबऱ्याचा शब्द महत्त्वाचा वाटतो. कुत्रा आत, माणसांच्या कुशीत नाही. पण तो हाकललेलाही नाही. जेवढी वर्षं ते झोपले तेवढी वर्षं तोही तिथेच आहे.

हदीसमध्ये तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाल्याची गोष्ट आहे, आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याचीही. मांजराच्या पिल्लामुळे ज्यांना अबू हुरैरा हे नाव पडलं, त्यांच्याकडून तर सर्वांत जास्त हदीस आपल्यापर्यंत आल्या आहेत. कुत्र्याच्या नापाकीबद्दल मजहबांत मतभेद आहेत. कोकणातले शाफई त्याबाबत कडक, आम्ही हनफी लाळेपुरते कडक, आणि मालिकी तर कुत्र्याला पाकच मानतात. पण राखणीसाठी, कळपासाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवायला सगळ्यांची मुभा आहे. काळू राखणदारच होता. त्याने राखलं ते आपल्याच आईबापांना.

आणि मेल्यानंतर? कुरआन म्हणतं की जमिनीवर चालणारी जनावरं आणि पंखांनी उडणारे पक्षी ह्या तुमच्यासारख्याच उम्मती आहेत आणि त्यांनाही त्यांच्या रबकडे गोळा केलं जाईल. मुफस्सिरांनी लिहिलंय की कयामतच्या दिवशी जनावरांचाही हिशोब होईल, शिंगवाल्या बकरीने बिनशिंगाच्या बकरीला मारलं असेल तर त्याचाही. हिशोब झाला की त्यांना सांगितलं जाईल, माती व्हा. ते बघून गुन्हेगार माणूस म्हणेल, मीही माती झालो असतो तर बरं झालं असतं. मौलाना हे सांगून थांबले आणि अजान द्यायला उठले.

तिकडे परत न्यूयॉर्ककडे बघितलं तर एक उलटी गोष्ट दिसते, जी क्लिपमध्ये नव्हती. त्या राज्यात हार्ट्सडेल इथे १८९६ पासून प्राण्यांची दफनभूमी आहे. एका पशुवैद्याने आपल्या सफरचंदाच्या बागेत एका बाईला तिचा कुत्रा पुरू दिला, तिथून ती सुरू झाली. अनेक मालकांनी पुढे स्वतःची राख तिथे, जनावराशेजारी, ठेवायला सांगितलं आणि ठेवलीही गेली. २०११ मध्ये राज्याच्या अधिकाऱ्यांनी ते थांबवायला सांगितलं. बरीच बोलाचाली झाली, आणि २०१४ मध्ये नियम आला की प्राण्यांच्या दफनभूमीत माणसाची राख ठेवता येईल, फक्त त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि जाहिरात करायची नाही. म्हणजे आधी माणसाला जनावरांच्या जागेत मुभा मिळाली, जनावराला माणसांच्या जागेत दोन वर्षांनी. यातला क्रम मला फार समजूतदार वाटतो. ज्याला सोबत हवी, त्याने आधी स्वतः तिकडे जावं.

युरोपातही सगळे एका मताचे नाहीत. जर्मनीत एसेन आणि ब्राउबाख इथे २०१५ मध्ये खास वेगळ्या जागा निघाल्या, जिथे माणूस आणि त्याचं जनावर यांचे अस्थिकलश एका कबरीत ठेवता येतात. फ्रान्समध्ये १९६३ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मृतांच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असं म्हणून कुटुंबाच्या कबरीत कुत्रा पुरायला मनाई केली होती. आणि स्कॉटलंडमध्ये एडिंबराला बॉबी नावाच्या त्या प्रसिद्ध कुत्र्याची गोष्ट आहे. त्याचा मालक जॉन ग्रे रात्रपाळीचा पोलीस होता, १८५८ साली वारला. बॉबी पुढे १४ वर्षं त्या कबरीजवळ राहिला असं सांगतात. तपशिलांवर काही अभ्यासक शंका घेतात, पण कुत्रा होता, आणि १८७२ मध्ये मेला. चर्चच्या पवित्र केलेल्या जमिनीत त्याला पुरता येईना. मग त्याला फाटकाच्या अगदी आत, मालकाच्या कबरीपासून थोड्या अंतरावर जागा दिली. दगड आहे, नाव आहे. गुहेचा उंबरा आणि एडिंबराचं फाटक, यात मला फार फरक दिसत नाही.

आता ‘शेजारी’ या शब्दाबद्दल थोडं. आमच्या कब्रस्तानात कुणीच कुणाच्या शेजारी नसतं. म्हणजे असतं, पण ठरवून नाही. रांग चालू असते, ज्या दिवशी तुम्ही जाल त्या दिवशी रांगेत जी जागा येईल ती तुमची. जागा राखून ठेवायची नाही, पक्की कबर बांधायची नाही, हा ठराव माझ्या लहानपणीच झाला आणि तो चांगला आहे. त्यामुळे माझे अब्बा लिंबाच्या झाडाखाली आहेत आणि अम्मी, बारा वर्षांनंतर गेलेली, पार ओढ्याच्या बाजूला. दोघांनी छप्पन्न वर्षं संसार केला. शबे बारातला मी आधी अब्बांकडे फातिहा वाचतो, मग उंचसखल मातीतून चालत अम्मीकडे जातो. मधे कुणाकुणाच्या कबरी लागतात. एका बाजूला गावच्या जुन्या सराफाची, लगेच त्याच्याकडे हमाली करणाऱ्याची. जिवंतपणी हे दोघे एका पंगतीला बसले नसते.

म्हणून चाचांचं दुसरं मागणं कमिटीला पहिल्यापेक्षा अवघड वाटलं, आणि ते मला पटतं. त्यांच्यासाठी रांग मोडली तर उद्या सदरांचा मुलगाही वडिलांसाठी मोडायला सांगेल. पण चाळीस वर्षं जो सगळ्यांची रांग लावत आला, त्याला एक कडेची जागा देताना मला तरी फार अवघड वाटलं नसतं. मी हे मीटिंगमध्ये बोललो. ठराव झाला नाही, ‘पुढे बघू’ असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. इतिवृत्तही मीच लिहितो.

काळूला भिंतीच्या बाहेर पुरलं, खोलीच्या मागच्या बाजूला, भिंतीपासून तीन हातांवर. खड्डा चाचांनीच घेतला, छातीइतका खोल, माणसाचा घेतात तसाच नीट. मी आणि शाळेचा शिपाई होतो. चुना टाकला, माती लोटली, वर बाभळीच्या काट्या ठेवल्या. कुणी दुआ मागितली नाही, मागायची नसते. चाचा तिथे बराच वेळ बसून राहिले.

ती जागा नगरपालिकेची आहे, रस्त्याच्या कडेची. आता तो रस्ता रुंद होणार आहे, खुणा मारून झाल्यात. एक पांढरी खूण काट्यांच्या जवळ आहे. गावात मेलेल्या जनावरांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पालिकेची ट्रॅक्टरट्रॉली येते आणि कचरा डेपोवर टाकून जाते. मुंबईत महापालिकेने मालाडला छोट्या जनावरांसाठी गॅसवर चालणारं दहनगृह उभारलंय, तसं आमच्यासारख्या गावात कधी होईल सांगता येत नाही. पण पुरायला चार गुंठे जागा पालिका देऊ शकते. ती कब्रस्तानला लागून असली तर कब्रस्तानचं काही बिघडत नाही. वक्फची जमीन वक्फची राहते, भिंत मधे आहे. आणि अशी जागा हवी असणारे फक्त आमच्या मोहल्ल्यातच आहेत असं नाही. पेठेतल्या एका जोशी घराण्यातल्या आजींनी आपलं मांजर रात्री गुपचूप नदीकाठी पुरल्याचं मला त्यांच्या नातवाने सांगितलं. तो माझा विद्यार्थी. दिवसा पुरलं असतं तर लोक हसले असते, म्हणाला.

म्हणून मी आणखी एक अर्ज लिहिला, यावेळी नगरपालिकेला. गावातल्या जनावरांच्या दफनासाठी कब्रस्तानच्या पश्चिम भिंतीला लागून, रस्त्याची हद्द सोडून उरणारी पट्टी राखून ठेवावी. विहिरीपासून आणि ओढ्यापासून ती पुरेशी लांब आहे, हेही लिहिलं, कारण आरोग्य खातं पहिल्यांदा तेच विचारणार. सह्या घ्यायला गेलो तेव्हा, जे सभासद बकरीवर हसले होते त्यांनी सही केली. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत. सदरांनी केली. मौलानांनी उर्दूत केली. जोशी आजींनी थरथरत्या हाताने मोडीवळणाची केली आणि विचारलं, मास्तर, मांजरांना पण चालेल ना?

चाचांनी अंगठा दिला. मग मला भिंतीच्या आतली बाजू दाखवली, जिथे खोलीची सावली दुपारनंतर पडते. “रांग इथपर्यंत यायला अजून दोन-तीन वर्षं लागतील,” ते म्हणाले. रांग कुठून कुठे सरकते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तोवर टिकलो तर अर्जच नको, असं त्यांचं गणित आहे.

पालिकेने सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणीचा नकाशा मागितला आहे. मोजणीची फी आम्ही चौघांनी मिळून भरली. तारीख अजून मिळालेली नाही. रस्त्याचं काम दिवाळीनंतर सुरू होईल म्हणतात.